गोव्यात कापडाचा धंदा करायचाय? मग रंग दाखवायच्या आधी हे वाचा

घरातून व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या विकणाऱ्या बायका, नवीन बुटीक काढलेल्या मुली, म्हापशाला नाहीतर फोंड्याला वडिलांच्या काउंटरवर आता उभी राहिलेली पुढची पिढी, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. माल कुठून भरायचा, मार्जिन किती ठेवायचं हे सांगणारे खूप आहेत. पण माणूस एखादा रंग का उचलतो आणि दुसरा हातात घेऊन परत का ठेवतो, यावर कोणी बोलत नाही, आणि खरं नुकसान तिथंच होतं.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "ब्लू दाखवा". आपण लगेच सगळे ब्लू काढतो, आकाशी, नेव्ही, चिंतामणी, मोरपिशी, आणि अर्ध्या तासाने ती बाई वांगी कलरची साडी घेऊन जाते. हे रोज होतं. कारण तिच्या डोक्यात ब्लू नव्हताच, तिच्या डोक्यात नणंदेच्या नातवाचं बारसं होतं, मागच्या कार्यक्रमाला काय नेसली होती त्याचे फोटो होते आणि या वेळी जाऊबाई काय नेसणार याचा अंदाज होता. रंग ती सांगते कारण आपल्याला काहीतरी सांगायला लागतं म्हणून.

म्हणून पहिलं काम, घडी उघडायच्या आधी विचारा. कार्यक्रम काय आहे, दिवसा आहे की रात्री, देवळात आहे की हॉलमध्ये, घरचाच आहे की लांबच्या नात्यातला. साधारण असं चालतं:

"मावशी, कशाला पाहिजे साडी?"
"पुतणीचं लग्न आहे गो, म्हार्दोळला, देवळात."
"सकाळचं नेसायची की रिसेप्शनला?"
"सकाळीच. ब्लू दाखव, पण काळपट नको, सासूबाई बोलतात."

बघा, एका मिनिटात सगळं कळलं. देवळातलं सकाळचं लग्न म्हणजे रेशीम नाहीतर रेशमासारखं दिसणारं, काठ ठसठशीत, गडद नेव्ही कटाप, आणि शेवटचा शब्द सासूबाईंचा. आता तुम्ही मोरपिशी दाखवा, रामा ग्रीन दाखवा, डाळिंबी काठाची आनंदी दाखवा, त्यातली एखादी जाणारच. आणखी एक गोष्ट विचारायची नसते, फक्त बघायची असते, ती म्हणजे पैसे कोण देतंय. किंमत कोण विचारतं, घडी उलटी करून कोण बघतं, तिच्याकडे बघून बोला. नेसणारी आणि पैसे देणारी वेगळी असेल तर दोघींना पटेल असाच रंग विकला जातो, एकीलाच आवडलेला बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी बदलायला येतो.

आता गोव्याचं वेगळेपण, कारण इथं एकाच काउंटरवर एकाच तासात एकाच रंगाचे दोन उलटे अर्थ समोर येतात.

पांढरा घ्या. ख्रिश्चन नवरीचा लग्नाचा ड्रेस पांढरा, आणि त्याच गावातल्या हिंदू घरात जुन्या माणसांच्या लेखी पांढरं कापड म्हणजे सुतक. काळा घ्या. ख्रिश्चन घरांत जुन्या बायका नवरा गेल्यावर काळा घालायच्या, अजूनही घालतात काही ठिकाणी, तर मराठी घरांत वर्षभर शुभकार्याला काळं नको म्हणणारी आईच संक्रांतीला मुद्दाम काळी चंद्रकळा मागते, थंडीत काळा रंग ऊब धरतो असं कारण देतात. मुसलमान घरांत पांढरा जुम्म्याच्या नमाजालाही चालतो आणि कफनही पांढरंच. लाल मात्र इथं सगळ्यांना जोडतो. आपल्याकडे लग्नाचा शालू, देवीच्या ओटीचं कापड लाल चालतं, आणि ख्रिश्चन लग्नांत सादो असतो, म्हणजे नवरीच्या लाल ड्रेसचं कापड लग्नाआधी तिच्या घरी शिंपी समारंभाने कापतो, फटाके वाजतात, नातेवाईक जमतात. ज्यांच्या लग्नात पांढरा गाऊन मुख्य असतो त्याच घरात सौभाग्याचा लाल जपून ठेवलेला असतो. चुड्याचंही तसंच, बांगड्या भरायचा कार्यक्रम दोन्हीकडे आहे आणि मामाचा मान दोन्हीकडे आहे. हिरव्या बांगड्यांना मॅचिंग हिरवं हा मागणीचा मोठा भाग आहे, डोहाळजेवण असो की हळदीकुंकू, त्यामुळे चांगला पोपटी आणि चांगला बॉटल ग्रीन माझ्या मते बारा महिने दुकानात पाहिजेच.

यातून करायचं काय? आडनाव ऐकून रंग ठरवू नका. कुठल्याही घरातली आजची मुलगी रिसेप्शनला काळी सिक्वेन्सची साडी नेसते आणि छान दिसते. प्रसंग विचारा, रंग त्यातून येतो. आणि आहेराच्या, मानपानाच्या साड्या वेगळ्या समजा. तिथं घेणाऱ्याला साडी आवडण्यापेक्षा कोणी नाव ठेवू नये याची चिंता जास्त असते. मिळणाऱ्या आनंदापेक्षा होणारं नुकसान माणसाला जास्त टोचतं हे डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, आहेराची खरेदी हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. तिथं प्रयोग करायला लावू नका, मरून, राणी, हिरवा, मोतिया काठाचे, असे बिनवादाचे रंग पुढे ठेवा, सगळ्यांचा वेळ वाचतो.

नवरात्राचे रंग

हा वेगळा विषय आहे कारण इथं संस्कृती आपल्या डोळ्यांसमोर तयार झाली. नऊ दिवस नऊ रंग हे कुठल्या पोथीतून आलेलं नाही, मुंबईच्या एका मराठी दैनिकाने या शतकाच्या सुरुवातीला ते चालवलं आणि काही वर्षांत बँका, शाळा, पंचायत ऑफिसं, सगळीकडे ते परंपरेसारखं रुजलं, गोव्यातही. मला यात वाईट काही दिसत नाही. रोज घरात नाहीतर कामावर राबणारी बाई त्या नऊ दिवसांत मैत्रिणींबरोबर एका रंगात फोटो काढते, त्यात तिला आपण एका गटातले आहोत असं वाटतं, आणि कपड्याचं अर्धं काम तेच असतं.

धंद्याच्या दृष्टीने त्यातली किल्ली अशी की बहुतेक रंग वारावर ठरतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी रॉयल ब्लू, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी. नवरात्र नऊ दिवसांचं, वार सात, म्हणून उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यातले काहीतरी येतात. घटस्थापना कुठल्या वारी आहे ते कॅलेंडरात बघितलं की अर्धी यादी तुमच्याकडे आधीच तयार. लाल, हिरवं, पिवळं सगळ्यांच्या कपाटात असतं. नसतं ते राखाडी, आणि धड केशरी. म्हणून त्या दोन रंगांचे स्वस्तातले कॉटन कुर्ते आणि लिननसारख्या दिसणाऱ्या साड्या आधी भरून ठेवा, पण मोजून, कारण नवरात्र संपलं की राखाडी परत फिरून बघत नाही कोणी.

रंग आवडतो म्हणजे नक्की काय होतं

स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस या दोन अमेरिकन संशोधकांनी २०१० मध्ये एक सोपी गोष्ट दाखवली, माणसाला ज्या वस्तू आवडतात त्या वस्तूंचे रंग आवडतात आणि ज्या वस्तूंची किळस येते त्यांचे रंग नावडतात. स्वच्छ पाणी, मोकळं आकाश म्हणून निळा बहुतेकांना चालतो, आणि कुजल्यासारखा शेवाळी-तपकिरी बहुतेकांना नको असतो. आता हे आपल्याकडे लावून बघा. अबोली रंग. पुण्यामुंबईच्या मुलीला तो पीच नाहीतर कोरल वाटेल, पण इथं अबोलीची फाती, म्हणजे केसांत माळायची वेणी, म्हटली की आजीचं डोकं, देवळातली जत्रा, चवथीची सकाळ. त्या रंगाचं कापड "पीच" म्हणून दाखवलं तर इथली बाई नुसती बघते, "अबोली" म्हटलं की हात पुढे येतो. तसंच आमसुली, डाळिंबी, श्रीखंडी, गुलबक्षी, या नावांत चव आणि वास दोन्ही आहेत, ती वापरा. सप्लायरच्या कॅटलॉगमधलं नाव तसंच पुढे ढकलू नका.

दुसरी गोष्ट सवयीची. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेस पडली तरी ती जास्त आवडायला लागते. म्हणून नवीन, जरा धाडसी रंग आणला, समजा मोहरी पिवळा किंवा विटकरी, तर पहिल्याच दिवशी गळ्यात मारायला जाऊ नका. पुतळ्याला नेसवून दाराशी ठेवा, स्टेटसला टाका, स्वतः नेसून बसा. काही आठवडे तो रंग रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांच्या डोळ्यांना पडू दे, मग "ती दाराशी आहे ना तसली दाखवा" असं त्याच म्हणतात.

उजेड आणि शेजार, इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या

कापडधंद्यातली एक जुनी गोष्ट आहे आणि ती प्रत्येक दुकानदाराला माहीत पाहिजे. पॅरिसला गोबलँ नावाचा भिंतीवरचे विणलेले पडदे करणारा कारखाना, तिथल्या रंगखात्याचा प्रमुख मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हताच, शेजारी जे रंग विणले होते त्यांच्यामुळे तो काळा मेलेला दिसत होता. दोन रंग शेजारी आले की एकमेकांना बदलतात, हे त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. आता आपल्या रॅककडे बघा. भडक राणीच्या घडीशेजारी नाजूक कांदा गुलाबी ठेवली तर ती धुतल्यासारखी दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं "जुना माल वाटतो". तीच घडी पिस्ता नाहीतर राखाडीशेजारी ठेवा, लगेच उठते. काउंटरवर पांढरी किंवा फिकट राखाडी चादर घाला, लाल-निळं रेक्झिन काढून टाका, खर्च काहीच नाही आणि फरक त्याच दिवशी दिसतो.

उजेडाचंही तेच. काही रंग ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात भलतेच दिसतात, ब्लाउजपीस दुकानात मॅच झाला आणि घरी जाऊन वेगळा निघाला ही तक्रार बहुतेक वेळा यामुळेच. दिवे घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वरचे घ्या, बॉक्सवर लिहिलेलं असतं, थोडे महाग पडतात पण घ्याच. आणि मॅचिंग करताना गिऱ्हाईकाला दारात घेऊन जा, आपणहून, ती म्हणायच्या आधी. विश्वास बसतो.

याला जोडूनच एक मनापासून सांगते. "तुमच्या रंगाला हे उठणार नाही", "सावळ्या अंगाला लाइट घ्या", असली वाक्यं दुकानातून कायमची बंद करा. ती ऐकून बाई गप्प होते, दिलेलं घेते, आणि परत येत नाही. वर ते खरंही नसतं, सावळ्या अंगावर गडद डाळिंबी, मोहरी, पांढराशुभ्र किती सुंदर दिसतं ते आरशात दाखवा. पदर खांद्यावर टाका, आरसा चांगल्या उजेडात ठेवा आणि तोंड बंद ठेवा. ती ठरवेल.

हात लावू द्या

प्लॅस्टिकच्या पिशवीतली साडी विकायला कठीण जाते, आणि त्याला कारण आहे. जोआन पेक आणि सुझन शू यांनी २००९ मध्ये दाखवलं की वस्तूला नुसता हात लावला तरी ती आपली असल्यासारखी वाटू लागते आणि तिची किंमत मनात वाढते. आपल्या बायका तर कापड चिमटीत धरून चुरगळून बघतात, गालाला लावतात, उन्हात धरून वीण बघतात. ते करू द्या. एक पीस उघडा ठेवा हात लावायला, मळला तर मळला.

पण पोताची आवडसुद्धा हवामान आणि मान-अपमान या दोघांतून येते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कॉटन हवेतून आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं, रेशीम ११ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून एप्रिल-मेच्या घामात कॉटन अंगाला बरं वाटतं कारण ते घाम टिपतं, आणि जुलैत तेच कॉटन दोन दिवस दांडीवर ओलं राहतं, वास मारतं. त्या दिवसांत कामावर जाणारी बाई जॉर्जेट मागते कारण रात्री धुतलं की सकाळी सुकलेलं. तिला कॉटनचं महत्त्व सांगत बसू नका, तिचं बरोबर आहे. स्टॉकमधल्या स्टार्च केलेल्या कॉटनला मात्र पावसात बुरशी लवकर धरते, खळ नसलेला माल ठेवा, भिंतीपासून थोडा सुटा, आणि रेशमाच्या घड्या अधूनमधून मोडून परत घाला नाहीतर त्याच रेषेवर चिरते.

मानाचं बघायचं तर कुणबी कापडासारखं दुसरं उदाहरण नाही. लाल-पांढऱ्या चौकडीची जाड सुती साडी, गुडघ्यापर्यंत आखूड, खांद्यावर गाठ मारलेली, शेतात चिखलात उतरून काम करणाऱ्या बायकांचा पेहराव. वापरातून ती जवळजवळ गेलीच होती. गोव्याचेच फॅशन डिझायनर वेन्डेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि रॅम्पवर आणली, त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. चौकडी तीच, सूत तेच, पण बघणारे डोळे बदलले आणि किंमत बदलली. अजूनही काही घरांत आजी म्हणते "हे शेतातलं कापड लग्नाला कशाला", आणि तिची पणजीच्या ऑफिसात काम करणारी नात तेच अभिमानाने नेसते. दोघींचं म्हणणं समजून घ्या. आजीला लग्नासाठी रेशीम दाखवा, नातीला कुणबी दाखवताना ते कोणाचं कापड आहे हे नीट आणि आदराने सांगा. आणि पॉवरलूमची चौकडी हातमागाची म्हणून विकू नका, कृपा करून. हातमागाच्या मालाला २००६ पासून हँडलूम मार्क आहे, तो असलेला माल वेगळा लावा, नसलेला "पॉवरलूमची चौकडी" म्हणून स्वस्तात विका, घेणारे त्यालाही आहेत. सुताची शंका आली तर काठाचा एक धागा जाळून बघा, कॉटन कागदासारखं जळून राख होतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून टणक गोळी होते.

टुरिस्टचं थोडक्यात. तो स्वतःच्या गावात जे घालणार नाही ते इथं घालायला आलेला असतो, फुलाफुलांचे शर्ट, टाय-डाय, सैल पांढरे कपडे. ते गोव्याचे कपडे नाहीत, त्याच्या मनातल्या सुट्टीचे आहेत. किनाऱ्याजवळ दुकान असेल तर तो माल दर्शनी लावा, आत गावात असेल तर त्यात पैसे अडकवू नका.

किती दाखवायचं

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. टेबलावर २४ प्रकार ठेवले तेव्हा बघायला जास्त लोक थांबले पण त्यांतल्या फक्त ३ टक्के लोकांनी विकत घेतला, ६ प्रकार ठेवले तेव्हा ३० टक्क्यांनी. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसंच झालं असं नाही, आणि कापडाच्या दुकानात बसलं की ते का ते कळतं. रोजच्या वापराचा कुर्ता घ्यायला आलेल्या मुलीला तीन दाखवा, तीही एकमेकांपासून वेगळे, ती दहा मिनिटांत घेऊन जाईल. पण लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या घराला तीन साड्या दाखवल्या तर त्यांना तो अपमान वाटतो. तिथं ढीग पडायलाच पाहिजे, ढीग हाच पाहुणचार. नाहीतर ती मंडळी सरळ बेळगावला, शहापूरच्या साडीच्या दुकानांत जातात. युक्ती एवढीच की ढीग पडू द्या, पण ज्यावर कोणाची तरी नजर थांबली ती प्रत्येक साडी गुपचूप बाजूला काढत जा, आणि शेवटी फक्त त्या चार-पाच समोर ठेवून बाकीचा ढीग उचलून टाका. निर्णय तिथंच होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर विकताना फोटो सकाळच्या सावलीतल्या उजेडात काढा, थेट उन्हात नको, कोपऱ्यात एक कोरा पांढरा कागद दिसू दे म्हणजे बघणाऱ्याला रंगाचा अंदाज येतो. फिल्टर अजिबात नको. काठ, पदर आणि उलटी बाजू असे तीन फोटो, आणि चालताना पदर कसा पडतो त्याचा छोटा व्हिडिओ, कारण फोनवर हात लावता येत नाही, पडण्यावरूनच पोत कळतो. रंगाचं नाव आपल्या भाषेत लिहा, "डाळिंबी, जरा काळपटाकडे झुकणारा" असं लिहिलं की परत येणारा माल कमी होतो.

आणि काउंटरवर एक वही ठेवा, विकलेल्या मालाची नको, ती बिलात असतेच. लोकांनी मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते लिहा, रंग, कापड, प्रसंग, महिना. "बारशाला पोपटी, सुती, आजीसाठी, ऑगस्ट." चवथीआधी, नाताळाआधी आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नं सुरू व्हायच्या आधी माल भरायला निघाल की ती वही सोबत न्या आणि सप्लायर काय खपतंय म्हणतो त्याच्या आधी तिच्यात बघा.